आठवी मात्रा कुठून आली?

मार्गशीर्ष लागला की आमच्या नौबादच्या घरी दत्तजयंतीच्या भजनाचे वेध लागतात. ही प्रथा माझ्या सासूबाईंनी सुरू केली. आमच्या बीदर जिल्ह्यातच, हुमनाबादजवळ, माणिकनगर आहे. तेथील श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली आणि आपल्या दरबारात गवयी-वादकांना मानाचे स्थान दिले. त्यामुळे या भागातल्या जुन्या मराठी घरांत दत्ताचे भजन म्हणजे नुसता नामाचा गजर नसतो. त्यात राग असतो, ताल असतो, आणि चुकले तर कान पकडणारी वडीलधारी माणसेही असतात.

गेल्या वर्षी मात्र तबल्याला कोणी मिळेना. पन्नास वर्षे आमच्याकडे ठेका धरणाऱ्या अप्पांचे हात आता थरथरतात. ते येतात, भिंतीला टेकून बसतात, मांडीवर बोटांनी ताल धरतात. पण डग्ग्यावर तळवा ठेवला की घुमारा निघत नाही. तेव्हा बेंगळूरहून सुटीवर आलेला माझा नातू म्हणाला, "आजी, तू काळजी करू नकोस. ठेका मी बसवून देतो." त्याच्याजवळ त्याचा संगणक होता, आणि चार बोटे रुंदीच्या पट्ट्यांचा एक छोटा सिंथेसायझरही होता. दोन दिवस कानाला यंत्र लावून तो माडीवर बसला. तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला खाली बोलावले आणि सासूबाईंच्या आवडीच्या पदाचा ठेका सुरू केला.

ठेका सुरेख होता. खाली तंबोऱ्यासारखी एक गंभीर झंकार, वर झांजेचा बारीक नाद, मधून खर्जात उमटणारा ठोका. मी पद म्हणू लागले आणि ते त्या ठेक्यावर असे नेमके बसले की शेजारच्या बायकांनीही आपोआप टाळ्या धरल्या. पद संपल्यावर सर्वांनी मुलाचे कौतुक केले. अप्पा मात्र काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हळूच विचारले, "वहिनी, या पदाला आठवी मात्रा कुठून आली?"

मला प्रश्नच कळला नाही. रात्री कपाटातून सासूबाईंच्या आवाजाची जुनी कॅसेट शोधून काढली. नातवाने ती कशीबशी वाजती केली. खरखरीतून सासूबाईंचा आवाज आला, मागे तरुण अप्पांचा तबला आला, आणि मी बोटांवर मोजू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. पुन्हा एक. आठवी मात्रा नव्हतीच! पद रूपकातले होते आणि मी ते कित्येक वर्षे आठ मात्रांत म्हणत होते. दर आवर्तनाच्या शेवटी एक अक्षर लांबवून मी ती जागा भरून काढत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे की मी यंत्रांची वैरीण नाही. तरीही त्या रात्री माझा पहिला विचार हाच होता की हे यंत्राचे पाप आहे. यंत्राला चारच्या पाढ्यापलीकडे काही येत नाही. मग नातवाजवळ बसून मी ते यंत्र समजावून घेतले, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. कारण हा प्रश्न एका घरातल्या एका पदाचा नाही, असे मला वाटू लागले आहे.

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या लहरींतून ध्वनी घडवणारे वाद्य. त्याला जोडून येतो तो सीक्वेन्सर. मराठीत आपण त्याला क्रमयंत्र म्हणू. स्वरांचा किंवा आघातांचा क्रम एकदा नेमून दिला की तोच क्रम ते न थकता पुन्हा पुन्हा वाजवते. पडद्यावर किंवा यंत्राच्या पाठीवर घरांची एक ओळ असते. त्यावरून एक दिवा डावीकडून उजवीकडे धावतो. ज्या घरात खूण केली असेल तेथे नाद उमटतो, रिकाम्या घरातून दिवा मुकाट्याने पुढे जातो. शेवटचे घर आले की पुन्हा पहिले. हेच आवर्तन.

घरांची ही कल्पना आपल्याला परकी नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी आपल्या मराठी 'क्रमिक पुस्तकमालिके'त शेकडो चिजा अशाच खाण्यांत मांडल्या. वर स्वर, खाली शब्द, आणि त्याखाली सम, टाळी व खाली यांच्या खुणा. फरक एवढाच की भातखंड्यांच्या प्रत्येक चिजेचे खाणे तिच्या तालाप्रमाणे आखलेले असते. त्रितालाला सोळा, झपतालाला दहा, रूपकाला सात. यंत्राची ओळ मात्र आधीच आखून येते, आणि ती बहुधा सोळा घरांची असते.

सोळाच का? जपानच्या रोलंड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचे तालयंत्र बाजारात आणले. त्याच्या पुढच्या कडेला सोळा रंगीत कळा एका ओळीत होत्या. चारचार कळांचा एक रंग. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात चार ठोक्यांचा एक गट धरतात, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की सोळा होतात. ज्यांच्यासाठी यंत्र घडले त्यांची गरज ही होती. पुढे असंख्य यंत्रे आणि संगणकावरील साधने निघाली, त्यांनीही तीच ओळ उचलली. चूल बदलली तरी ओट्याची उंची तीच राहावी, तसे हे झाले.

आपल्या देशातही ही यंत्रे लवकर आली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून नाव मिळवलेले चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने ओळखली जाणारी तबकडी केली. टीआर-८०८, त्याच कंपनीचे टीबी-३०३ हे खर्जाचे क्रमयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, एवढ्याच साधनांवर त्यांनी भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग मांडले. त्या वेळी तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार चकित झाले. कारण १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शिकागो शहरात ज्या प्रकारचे यंत्रसंगीत नवीन म्हणून गाजले, त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य होते. नातवाने मला ती ऐकवली. राग ओळखू येतात, स्वरांची वळणे आपली आहेत. ताल मात्र, शीर्षकात सांगितल्याप्रमाणे, डिस्कोचाच आहे. चरणजितसिंगांनी तेच करायचे ठरवले होते, तेव्हा त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण ऐकताना वाटले, राग दहा आणि ताल एक! पूर्वेकडची अर्धी शिदोरीच गाडीत चढली. दुसरी अर्धी फलाटावर राहिली.

तर मग विषम ताल यंत्राच्या स्वभावातच नाही काय? येथे माझा समज खोटा ठरला. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरांसाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जे ९६० क्रमांकाचे क्रमयंत्र निघाले, त्यात आठ घरे होती. प्रत्येक घराखाली एक खटका होता, आणि त्याची एक स्थिती 'हे घर वगळा' अशी होती. आठव्या घराचा खटका दाबला की सातांचे आवर्तन तयार! टीआर-८०८ मध्येही ओळीचे शेवटचे घर कोणते, हे आपल्याला ठरवता येते. याचा अर्थ असा की सात किंवा पाच यांची सोय यंत्रात पहिल्यापासून आहे. सोळा हा त्याचा नियम नव्हे, ती केवळ सवय आहे. आणि सवय मोडायला कोणीतरी खटका दाबावा लागतो.

याचे एक बोलके उदाहरण नातवाने सांगितले. इंग्लंडमधील पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या एकाच तबकडीवर दोन प्रयोग आहेत. एका रचनेत आठ स्वरांचा क्रम सिंथेसायझरच्या क्रमयंत्रात भरून तो भरधाव वेगाने फिरवला आहे. दुसरी रचना पैशावरची. तिच्या आरंभी नाणी, कागद फाटण्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याची खणखण असे सात नाद आहेत. ते ध्वनिफितीवर घेऊन, फितीचे सारख्या लांबीचे सात तुकडे कात्रीने कापून, एकमेकांना जोडून त्याचे वेटोळे केले आणि ते फिरत ठेवले. सात तुकडे म्हणून सात ठोके. क्रमयंत्राने आठ केले, कात्रीने सात! ज्याच्या मनात सात असतील त्याला कात्रीही पुरते, हा त्यातला धडा.

आणि आपल्याकडे तर असे मन तयारच होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरची ध्वनिशाळा उभी राहिली. तिच्यामागे श्रीमती गीता साराभाईंची प्रेरणा होती. या बाई स्वतः पखवाज वाजवीत. ज्या वाद्यावर चौदा मात्रांचा धमार पाच, दोन, तीन, चार अशा विषम खंडांनी चालतो, त्या वाद्याच्या साधिकेला विजेच्या नादयंत्राचे कुतूहल वाटावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. तेथील ध्वनिफिती अनेक वर्षे कपाटात पडून होत्या. त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

आता सात मात्रा यंत्रात कशा बसवायच्या? नातवाने आधी सात घरांची ओळ केली. पण त्यात अडचण आली. ठेक्याला थोडा झोल यावा म्हणून यंत्र प्रत्येक सम क्रमांकाचे घर किंचित उशिरा वाजवते. सात घरांची ओळ असली की काही यंत्रांत हा उशीर पहिल्या आवर्तनात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या घरावर येतो आणि पुढच्या आवर्तनात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्यावर. ठेका एकदा उजव्या पायाने लंगडतो, एकदा डाव्या. म्हणून त्याने प्रत्येक मात्रेला दोन घरे देऊन चौदा घरांची ओळ केली. सोळांतली शेवटची दोन वगळली, आणि झोल जागच्या जागी आला. दहा मात्रांच्या झपतालालाही अशीच युक्ती: दोन आणि तीन मिळून पाच मात्रांची दहा घरे, आणि तशाच दुसऱ्या दहा घरांची ओळ तिच्या शेपटीला जोडायची.

चौदा घरे झाली. मी पद म्हणून पाहिले. आता शब्द ओढावे लागत नव्हते, पण पद तरीही चालेना. कोठेतरी खडा टोचत होता. दुसऱ्या दिवशी अप्पांना बोलावले. त्यांनी दोन आवर्तने ऐकली आणि म्हणाले, "पहिल्याच मात्रेवर डग्गा कामून मारतोस रे बाळ?"

यंत्राच्या पुस्तकात पहिला धडाच असतो: पहिल्या घरात खर्जाचा ठोका. नातवाने तो इमानाने दिला होता. पण रूपकाची गंमतच अशी की त्याची सम खालीवर येते. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा घुमारा नाही. नुसता वरचा, कोरडा नाद. घुमारा येतो चौथ्या मात्रेवर आणि मग सहाव्यावर. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने सातव्या आणि अकराव्या घरात. जेथे इतर ताल पाय रोवतात तेथे रूपक पाऊल उचलतो. गाणारा समेवर येतो तेव्हा त्याच्या खाली जमीन नसते, तो क्षणभर अधांतरी असतो, आणि चौथ्या मात्रेला जमीन लागते. पहिल्या घरातला एक ठोका ही सगळी अधीरता मारून टाकतो.

खाली म्हणजे थांबणे नव्हे, हे मुलांना समजावणे कठीण जाते. पण आम्हा नौबादकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. आमच्याकडे बहमनी काळातली सुरंगबावी आहे. जमिनीखालून पाणी वाहून नेणारा तो भुयारी मार्ग आणि त्यावरची उभी विवरे. विवरापाशी वाकून पाहिले तर पाणी दिसते. दोन विवरांच्या मध्ये दिसत नाही, पण वाहणे चालूच असते. खालीचे तसेच आहे. नाद दिसत नाही, लय वाहते.

नातवाने पहिल्या घरातला ठोका काढला, सातव्या आणि अकराव्यात दिला. एवढ्या एका बदलाने पदाला प्राण आला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. सासूबाई पलीकडच्या खोलीतून म्हणत आहेत असे वाटले.

मग अप्पांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सात हा आकडा सांगून भागत नाही; सातांची मोडणी सांगावी लागते. आपला रूपक तीन, दोन, दोन असा मोडतो. कर्नाटक संगीतातला मिश्र चापू हाही सातांचाच, पण तीन आणि चार असा. आपण सीमेवर राहणारी माणसे. दोन्ही चाली आमच्या कानावर आहेत. यंत्रात दोहोंची घरे चौदाच, पण आघात कोठे जोराचा आणि कोठे हलका हे वेगळे. यंत्र मोजणी करते; वजन आपल्याला द्यावे लागते.

तरुण मुले मोजणीच्या खेळात फार लवकर रमतात. नातवाने दोन ओळी एकदम सुरू केल्या: तबल्याची चौदा घरांची आणि स्वरांची सोळा घरांची. एकीचे आवर्तन सात मात्रांचे, दुसरीचे आठ. दोघी एकत्र निघाल्या, मग एकमेकींपासून सरकत गेल्या, आणि छप्पन्न मात्रांनी पुन्हा एकाच क्षणी पहिल्या घरात भेटल्या. रूपकाची आठ आवर्तने आणि आठ मात्रांच्या ओळीची सात. मिनिटाला एकशे बारा मात्रांची लय धरली तर ही भेट दर अर्ध्या मिनिटाने होते. अप्पांना हा खेळ फार आवडला. "तिहाई काय वेगळी असते?" ते म्हणाले. "दूर जायचं ते समेवर भेटण्यासाठीच." पण लगेच त्यांनी नातवाला बजावले, "भेट कुठे होणार हे तुला ठाऊक पाहिजे. यंत्राला भेट झाली काय आणि चुकली काय, सारखंच."

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. मी नातवाला विचारले, "तू आधी आठ मात्रा का घेतल्यास? सोळा घरे तयार होती म्हणून?" तो म्हणाला, "नाही आजी. तू जसं म्हणतेस तसंच बसवलं. मी लहानपणापासून ते पद आठातच ऐकलंय."

मी गप्प झाले. यंत्राने माझे पद बिघडवले नव्हते. मी बिघडवलेले पद त्याने प्रामाणिकपणे मांडले होते.

मग हळूहळू आठवत गेले. अप्पांना येणे जमेनासे झाले तेव्हा आम्ही विजेवर चालणारी तबल्याची पेटी आणली होती. अशा पेट्या आपल्याकडे घरोघर पोहोचल्या त्याला बेंगळूरच्या जी. राज नारायण यांच्यासारख्यांचे श्रम कारण आहेत. ते स्वतः बासरीवादक आणि अभियंते. १९७९ मध्ये त्यांनी विजेचा तंबोरा केला, पुढे तबलाही. या मंडळींनी यंत्र घडवताना चारचा पाढा परक्यांकडून उसना घेतला नाही. त्रिताल, एकताल, झपताल, रूपक, सर्वांना त्यांनी जागा दिली. आमच्या पेटीवरही रूपकाची सोय होती. आम्ही ती कधी वापरली नाही. भजनाला येणाऱ्या बायकांना केरव्याची टाळी सोपी जाई. सातव्या मात्रेनंतर लगेच वळायचे तर हात अडखळत. "असू द्या, केरवाच लावा," असे मीच म्हटले असणार. पहिल्या वर्षी पद थोडे ओढून म्हणावे लागले असेल, दुसऱ्या वर्षी तेवढेही जाणवले नसेल, आणि तिसऱ्या वर्षी ते आठ मात्रांचेच झाले. एखादी मौल्यवान वस्तू चोराने नेली तर निदान बोंब होते. ही वस्तू आम्ही स्वतःच, सोयीसाठी, थोडी थोडी करून टाकून दिली.

दुःख याचे अधिक वाटते की विषम लय आम्हाला अवघड वाटावी असे काही कारण नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक कोणत्या मराठी घरात म्हणत नाहीत? त्यांचे वृत्त भुजंगप्रयात. एक लघू, दोन गुरू, म्हणजे पाच मात्रा. असे चार गण एका चरणात. पाच-पाचांची ती चाल आपण दुधाच्या दातांनी शिकलो. आमच्या शेजारच्या अक्का श्रावणात कुमारव्यासाचे कन्नड भारत वाचतात. ते भामिनी षट्पदीत आहे, आणि तिची चाल तीन आणि चार, तीन आणि चार अशी सातांची. भिंतीच्या एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सात! अशा भिंतीच्या आडोशाला राहून आम्हाला रूपकाची टाळी जड व्हावी, हे आमचे करंटेपण.

परदेशी माणसाला सात मात्रा नवलाच्या वाटतात. त्यांच्याकडचे कलावंत त्या यंत्रात बसवतात तेव्हा त्यांना काही वेगळे, चमत्कृतीचे केल्याचा आनंद होतो. तो आनंद खोटा नाही. पण आपल्याला सात म्हणजे चमत्कृती नव्हे. ते आपल्या पदांचे घर आहे. त्यांना सातापर्यंत पोहोचायचे आहे. आपल्याला फक्त ते सोडायचे नाही. आणि सोडायचे नाही म्हणजे यंत्र नको म्हणायचे, असाही याचा अर्थ नाही. अप्पांचे हात परत येणार नाहीत. आमच्या गल्लीत तबला शिकणारा मुलगा आज तरी नाही. यंत्र नसते तर गेल्या वर्षी भजनच झाले नसते. यंत्र विसरत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र त्याला आपण जे सांगू तेच ते विसरत नाही. चुकीचे सांगितले तर चूकही तितक्याच निष्ठेने सांभाळते. म्हणून सांगणाऱ्याला आधी ठाऊक असले पाहिजे, आणि ते ठाऊक करून देणे हे आपल्या पिढीचे काम आहे. ते काम कोणत्याही यंत्राच्या पुस्तकात छापलेले नसते.

दत्तजयंतीच्या आधी आठ दिवस रोज संध्याकाळी अप्पा आमच्या ओसरीवर येऊन बसत होते. गल्लीतली पोरे जमवून त्यांना हाताने रूपक धरायला शिकवीत होते. पहिल्या मात्रेला हात बाहेर फिरवायचा, चौथ्या आणि सहाव्या मात्रेला टाळी. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात आठव्या मात्रेसाठी हवेत थांबले आणि हशा पिकला. चौथ्या दिवसापर्यंत पोरे बरोबर वळू लागली. मोठ्या बायकांना मात्र अधिक वेळ लागला, आणि सर्वांत जास्त मला. शिकण्यापेक्षा विसरणे कठीण, ते असे.

भजनाच्या रात्री नातवाने ठेका सुरू केला. पहिले कडवे नीट झाले. दुसऱ्या कडव्यात माझी जीभ जुन्या सवयीने लांबली. शब्द ओढला गेला. यंत्र अर्थातच थांबले नाही, ते पुढे निघून गेले. अप्पा असते तर त्यांनी एक मात्रा सांभाळून मला पदरात घेतले असते. यंत्रापाशी तेवढी माया नाही, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे. मी थांबले. नातू ठेका बंद करायला निघाला, पण अप्पांनी त्याला खुणेने अडवले. पोरांचे हात चालूच होते. बाहेर, टाळी, टाळी. त्या हातांकडे पाहत मी पुढच्या समेची वाट पाहिली आणि पद पुन्हा धरले. शेवटपर्यंत मग चुकले नाही.

वाचकहो, एक विनंती करते. आपल्या घरात एखादे जुने पद असेल, आरती असेल, ओवी असेल, ज्यांनी ती आपल्याला दिली त्यांचा आवाज कोठे कॅसेटवर किंवा आठवणीत असेल, तर एकदा शांतपणे टाळी देऊन मोजून पाहा. मात्रा तितक्याच भरल्या तर आनंद आहे. एखादी जास्त निघाली, तर ती कुठून आली हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच विचारा.